सेवेकरी आणि नोकरदार



पुण्यात मनुष्यबळ विभागात माझी हयात गेली, त्यामुळे विषयही तिथलाच. माणूस कामाला जीव का लावतो?

डच संशोधक गीर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएमच्या कर्मचाऱ्यांकडून लाखाहून अधिक प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि १९८०च्या ग्रंथात ४० देशांची तुलना मांडली. कंपनी एकच, पण साहेबाशी वागणं देशागणिक वेगळं. डेन्मार्कचा माणूस साहेबाला सरळ ‘हे जमणार नाही’ म्हणतो. आपण ‘हो सर’ म्हणतो आणि राजीनामाच देतो! पुढे १९९१ मध्ये मेयर आणि ॲलन यांनी नोकरीत टिकण्याची तीन कारणं सांगितली : कामाची ओढ, सोडल्यास होणारं नुकसान आणि ‘सोडणं बरं नव्हे’ ही कर्तव्याची भावना.

ही तिन्ही कारणं वाचताना मला आपलं शेगाव आठवलं. गजानन महाराज संस्थानात हजारो सेवेकरी पाळीपाळीनं येतात. कोणी झाडतो, कोणी पंगतीत वाढतो, कोणी चपला सांभाळतो. पगार नाही, तरी नंबर लागायची वाट पाहतात. ही नुसती भक्ती नाही. कै. शिवशंकरभाऊ पाटलांनी लावलेली शिस्त आहे, काम नेमून दिलेलं आहे, आणि चपला सांभाळणाऱ्यालाही ‘माउली’ अशीच हाक आहे.

आमचे साहेब लोक शेगाव पाहून येतात आणि म्हणतात, ‘आपल्या लोकांत ही भावना का नाही?’ इथं माझा त्यांच्याशी वाद आहे. सेवेकरी ठरलेले दिवस सेवा करून आपल्या शेताकडे परततो. चूल तिथं पेटते. कंत्राटी कामगाराची चूल त्याच्या पगारावर असते. शेजारी तेच काम करणाऱ्या कायम माणसाला जास्त पगार दिसत असताना त्यानं भावना आणायची कुठून?

आपल्याच बॅचमधले काही जण विनाअनुदानित शाळांत वर्षानुवर्षं बिनपगारी शिकवत राहिले. सकाळी शाळा, दुपारी शिकवणी, सुगीत शेत. त्यांना कोणी ‘सेवाभावी’ म्हटलं की मला राग येतो. सेवेकऱ्यानं सेवा स्वतः निवडलेली असते. यांना अनुदानाची वाट पाहण्यावाचून पर्याय नव्हता. तरीही त्यांचे वर्ग चुकले नाहीत. त्यातले तिघे आज समोर बसले आहेत. जेवताना त्यांच्याशी बोला, माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे.