दिंडीच्या टेम्पोतला गॅस
(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



या मंडपात दरवर्षी कीर्तन होते, नाट्यसंगीत होते, सीमाभागातल्या मराठीवर व्याख्यान होते. यंदा आम्हाला बोलायला सांगितले, तेव्हा आम्ही विषय कळवला 'गॅस'. कार्यवाहांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. पोटातला नव्हे, टाकीतला.

आम्ही दिंडीत स्वयंपाकाची सेवा करणारी माणसे. बिदर, भालकी, बसवकल्याण, आळंद या भागातल्या कितीतरी मराठी घरांत पंढरीची वारी आजोबा-पणजोबांपासून चालत आली आहे. १९५६ साली राज्यांच्या सीमा बदलल्या, आपण म्हैसूर राज्यात गेलो, पुढे त्याचे कर्नाटक झाले. वारीची वाट तीच राहिली. बदलला तो स्वयंपाक. पूर्वी बैलगाडीत सरपण आणि डेग असायची, मुक्कामी तीन दगड मांडले की चूल तयार. आता टेम्पो असतो. त्यात भांडी, धान्य, दोन भट्ट्या आणि गॅसच्या टाक्या. दिंडीच कशाला, दत्तजयंतीला गाणगापूरला किंवा नवरात्रात तुळजापूरला निघणारी घरची मंडळीही गाडीत एक शेगडी आणि लहान टाकी टाकतातच.

परदेशात लोक मोटारीच्या मागे चाकांवरचे छोटे घर जोडून हिंडतात. त्यातही हेच असते, गॅसची बाटली, रेग्युलेटर, नळी आणि शेगडी. त्यांच्या अडचणी आणि आपल्या अडचणी एकच आहेत, कारण घरातला गॅस एका जागी स्थिर असतो आणि गाडीतला गॅस रस्त्यावरचे धक्के खात येतो.

आता आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वीची कार्तिकी वारी. नळदुर्गच्या पुढे एका शाळेच्या पटांगणात मुक्काम होता. पहाटे चार वाजता शंभरावर माणसांचा चहा आणि उप्पीट करायचे होते. दोन्ही भट्ट्या एकाच टाकीवर जोडलेल्या. अर्धा तास जाळ छान चालला, मग बसत गेला. टाकीला हात लावला तर बर्फासारखी गार, खालच्या अंगाला पांढरे दव धरलेले. उचलून पाहिली तर जड. गॅस शिल्लक होता, पण येत नव्हता. बाहेर भजन सुरू झालेले, माउली चहाची वाट बघत होते. दोघा पोरांनी टाकी सरळ आडवी केली. क्षणभर जाळ वाढला, आणि मग भट्टीतून कमरेएवढी पिवळी ज्वाळा उठली. पातेल्याशी वाकलेल्या आमच्या एका वहिनींचे कपाळावरचे केस जळाले. पदर वेळीच मागे ओढला म्हणून पुढचे टळले. एकाने धावत जाऊन रेग्युलेटर बंद केला.

पोरांना रागावायला तोंड उघडले, पण शब्द फुटेना. कारण 'टाकी आडवी कर, उरलेला गॅस येतो' ही युक्ती त्यांना आम्हीच शिकवली होती. आम्हाला ती आमच्या थोरल्यांनी शिकवली होती. आजही इथे बसलेल्या कितीतरी घरांत ती चालते. म्हणून हे बोलणे.

झाले काय होते, ते समजून घ्या. टाकीत गॅस हवेसारखा भरलेला नसतो, तो दाबाखाली पातळ द्रव होऊन बसलेला असतो. आपल्याकडच्या एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण असते. प्रोपेन उणे ४२ अंशाला उकळतो, ब्युटेन जवळजवळ शून्य अंशाला. द्रवाची वाफ होते, ती वर जमते आणि तीच रेग्युलेटरमधून शेगडीला जाते. वाफ व्हायला उष्णता लागते, ती द्रव स्वतःतून आणि टाकीच्या पत्र्यातून घेतो. आपला माठ कसा गार होतो? पाणी झिरपून वाफ होते आणि माठाची उष्णता घेऊन जाते. टाकीचे तेच. दोन मोठ्या भट्ट्या एकदम ओढू लागल्या की टाकी गारठते, टाकी गारठली की वाफ कमी होते, आणि वाफ कमी झाली की जाळ बसतो. टाकी अर्धी रिकामी असेल तर लवकर बसतो, पहाटेच्या थंडीत आणखी लवकर.

टाकी आडवी केली की तोंडाशी वाफेऐवजी द्रव येतो. रेग्युलेटर वाफेसाठी केलेला आहे, द्रवासाठी नाही. आणि एक वाटी द्रवाचा सुमारे अडीचशे वाट्या वायू होतो. ती कमरेएवढी ज्वाळा म्हणजे हाच हिशेब होता.

तेव्हा टाकी कायम उभी. तिच्याखाली निखारे नकोत, तिच्यावर उकळते पाणी नको, शेकणे नको. उपाय साधा आहे. एका टाकीवर एकच मोठी भट्टी लावा. चहा आधी, उप्पीट नंतर, असा क्रम धरा. गारठलेली टाकी बाजूला ठेवून दुसरी जोडा. पहिली तासाभरात आपोआप पूर्ववत होते. आणि एवढ्या माणसांच्या स्वयंपाकाला १४.२ किलोची घरगुती टाकी आणू नका. ती नियमाने घरच्या वापरासाठीच आहे. १९ किलोची व्यावसायिक टाकी घ्या. परवान्याशिवाय एकूण १०० किलोपेक्षा जास्त गॅस जवळ ठेवता येत नाही, हेही लक्षात असू द्या.

जाळ बसला तर शोध कुठून सुरू करायचा? आम्ही आता टाकीपासून भट्टीकडे जातो, उलट कधी नाही. पहिला प्रश्न, टाकीत गॅस आहे का? रिकाम्या टाकीचे वजन टाकीवरच कोरलेले असते. तराजू असेल तर तोलून बघा. नसेल तर ओल्या फडक्याने टाकी उभी पुसा. जिथपर्यंत द्रव आहे तिथला ओलावा उशिरा वाळतो. दुसरे, रेग्युलेटर नीट बसला आहे का? तिसरे, नळी कुठे मुडपली आहे का, एखाद्या पातेल्याखाली दबली आहे का? टेम्पोत हे फार होते. चौथे, भट्टीचा कॉक आणि नोझल. नोझलचे भोक केसाएवढे असते, धुळीचा कण पुरतो.

आणि पाचवे, जे आम्हाला फार उशिरा कळले. भट्ट्या वर्षातले दहा महिने अडगळीत पडून असतात. बर्नरच्या मागे हवा आत घेणारी जी नळी असते, तिच्यात कोळी जाळे करतो, कुंभारीण माशी मातीचे घर बांधते. हवा कोंडली की ज्वाळा निळी न राहता पिवळी होते, भांडी काळी पडतात, कधी जाळ मागे फिरून नळीतच पेटतो. परदेशातल्या त्या चाकांवरच्या घरांनाही कोळ्याचा हाच त्रास होतो. आपण निघायच्या आदल्या आठवड्यात भट्टी उघडून ब्रशने साफ करावी आणि अंगणात पेटवून निळी ज्वाळा बघूनच टेम्पोत चढवावी.

हे झाले गॅस न येण्याचे. आता नको तिथे येण्याचे. आषाढी वारीत एका रात्री उमरग्याच्या अलीकडे पाऊस कोसळत होता. टेम्पोच्या चारी बाजूंनी ताडपत्री बांधली, फाळका लावला, आणि आत धान्याच्या पोत्यांशेजारी तीन-चार जण आडवे झाले. त्यात नववीतली एक मुलगी होती. ती म्हणाली, 'आजी, वास येतोय.' आम्ही उभे होतो, आम्हाला काही वास येईना. 'झोप बाळ, दिवसभराचा वास बसलाय अंगावर,' असे म्हणालो. ती पुन्हा म्हणाली, 'खाली वाकून बघा.' वाकलो, आणि पोटात गोळा आला.

एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला की पाण्यासारखा तळाशी साठतो. घरात तो दाराखालून थोडाफार बाहेर जातो. टेम्पोचा तळ आणि फाळका म्हणजे मात्र हौदच. ज्याला आपण वास म्हणतो तोही गॅसचा मूळ वास नव्हे; गळती कळावी म्हणून इथाइल मरकॅप्टन नावाचा उग्र पदार्थ मुद्दाम मिसळलेला असतो. सर्दीत, वयोमानाने किंवा सवयीने तो नाकाला कळत नाही. हवेत दोन टक्क्यांच्या आसपास गॅस मिसळला की एक ठिणगी पुरते.

एकाचा हात टेम्पोतल्या दिव्याच्या बटणाकडे गेला होता, तो तिथेच धरला. ताडपत्र्या वर गुंडाळल्या, फाळका पाडला, मुलीला आणि बाकीच्यांना पावसात बाहेर काढले. गळती एका रेग्युलेटरपाशी होती. संध्याकाळी घाईत तो बंद न करता तसाच सोडलेला, आणि धक्क्यांनी नळी सैल झालेली. रेग्युलेटर काढला, टाकीच्या तोंडाला टोपी लावली, टाकी उभ्यानेच उघड्यावर नेली. त्या रात्री कोणी झोपले नाही.

म्हणून वास आला तर बटण चालूही करू नका आणि बंदही करू नका. काडी नको, उदबत्ती नको, मोबाइल नको, टेम्पोची किल्ली फिरवणे नको. रेग्युलेटर बंद, टाकीला टोपी, सगळे उघडे, माणसे दूर. मग लांब जाऊन १९०६ ला फोन करा. गॅस गळतीसाठीचा हा क्रमांक चोवीस तास चालतो, कर्नाटकात आणि महाराष्ट्रातही.

गळती शोधायची ती साबणाच्या फेसाने. काडीने कधीच नाही. नवी टाकी आली की टोपी काढून तोंडात फेस टाका. बुडबुडे आले तर टाकीचे तोंड गळते आहे, टाकी परत करा. मग रेग्युलेटरचा सांधा, नळीची दोन्ही टोके. नळीवर छापलेली तारीख बघा, पाच वर्षांनी ती बदलायचीच, वरून चांगली दिसत असली तरी. टाकीच्या कड्यावर पुढच्या तपासणीची मुदतही लिहिलेली असते, ए, बी, सी, डी या चार अक्षरांनी वर्षाची चार तिमाही आणि पुढे सालाचे दोन आकडे.

आता आमच्या दिंडीत नियम आहेत. गाडी हलण्याआधी रेग्युलेटर काढून टोप्या लावायच्या, टाक्या उभ्या बांधायच्या. टाक्यांच्या टेम्पोत कोणी झोपायचे नाही, कितीही पाऊस असो. स्वयंपाक ताडपत्रीच्या आत नाही, मोकळ्या छपराखाली. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे, जसा विणेकरी ठरलेला असतो, तसा गॅसचा एक माणूस ठरलेला. स्वयंपाक चालू असेपर्यंत तो पोळी लाटत नाही, वाढत नाही, गप्पा मारत नाही. तो फक्त टाकी, नळी आणि जाळ बघतो. त्याने 'थांबा' म्हटले की थांबायचे. मग चहाला उशीर झाला तरी चालेल. गेली काही वर्षे हे काम त्या टाकी आडवी करणाऱ्या दोन पोरांकडेच आहे. त्यांच्याइतके सावध आमच्यात कोणी नाही.

अनंत चतुर्दशीच्या आधी याच मंडपामागे महाप्रसादाच्या भट्ट्या लागतील. कनातीच्या आत, खुर्च्यांना लागून, लहान मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर, दरवर्षी जशा लागतात तशा. मंडळाला आमची एकच विनंती आहे. यंदा त्या मोकळ्यावर लावा आणि त्यांच्यापाशी असा एक माणूस उभा करा. कोणी पुढे आले नाही तर आम्हाला सांगा, आम्ही उभे राहू.

गणपती बाप्पा मोरया!