शेवटचा गंधार



आज आपण चार मिनिटांची एक चीज ऐकायला शिकू या. चीज हा शब्द आपला, करणारा मात्र पोलंडचा. फ्रेडेरिक शोपँ याने १८३० साली, विशीत असताना, आपल्या थोरल्या बहिणीसाठी, लुडविकासाठी, पियानोवर वाजवायला ती लिहून दिली. हिला नॉक्टर्न म्हणतात, म्हणजे रात्रीचं गाणं. सी शार्प मायनरमधलं नॉक्टर्न. आता मायनर म्हणजे काय, कॉर्ड कशाला म्हणायचं, हे रीतसर आधी सांगायला हवं. पण ते सांगत बसलो तर माझा वेळ त्यातच संपेल आणि तुम्ही रेडिओ बंद कराल. एवढंच धरून ठेवा की हिच्यात गंधार कोमल आहे. तुमचा कान आसावरीकडे धावेल. धावू द्या. जरा वेळाने आपणच परत येतो.

सुरुवात ऐका. एक लहानसं वाक्य येतं, हळू. मग तेच वाक्य पुन्हा येतं, त्याहून हळू. दार ठोठावणाऱ्याला आत कुणी झोपलंय असं वाटावं आणि दुसऱ्या वेळी त्याने नुसतं बोट टेकवावं, तसं. मग डावा हात झुलायला लागतो आणि उजवा गातो. मध्येच काही नाचरं येऊन जातं, ते शोपँच्याच एका कॉन्चर्टोतून आलेलं आहे. पहिली सुरावट परतते आणि शेवटाकडे उजवा हात चार ताना घेतो. अठरा स्वरांची, पस्तीस स्वरांची, अकरा, तेरा. आपली तान समेवर येऊन आदळते. या ताना चुलीवरच्या धुरासारख्या वर जातात आणि विरतात. त्यानंतर जे होतं ते मी शेवटी सांगेन.

आता एक पियानो डोळ्यांसमोर आणा. साल १९४४, महिना नोव्हेंबर, शहर वॉर्सा. पोलिश लोकांचा उठाव मोडून काढल्यावर जर्मनांनी सगळं शहर रिकामं केलं होतं आणि पद्धतशीरपणे घरामागून घर जाळायला, पाडायला घेतलं होतं. ज्या रस्त्याचं नाव तिथल्या भाषेत स्वातंत्र्याचा रस्ता असं आहे, त्यावरच्या एका ओस घरात एक माणूस कोठीत खायला काही मिळतं का ते चाचपत होता. मागून आवाज आला. वळून बघतो तर जर्मन लष्करी अधिकारी. अधिकाऱ्याने विचारलं, करतोस काय? हा म्हणाला, पियानो वाजवतो. शेजारच्या खोलीत पियानो होता. अधिकारी त्याला तिकडे घेऊन गेला.

हा माणूस व्वादिस्वाव श्पिल्मान, पोलिश रेडिओचा पियानोवादक, ज्यू. अडीच वर्षांत बोटांना सराव नव्हता. बोटं ताठरलेली, मळाने काळी, नखं कित्येक आठवडे न कापलेली. पियानो बेसूर. त्याने हीच चीज वाजवली. वाढलेल्या नखांनी त्या पस्तीस स्वरांची तान कशी निघाली असेल? श्रोतेहो, मी हा तुकडा शेकडो वेळा ऐकला असेन. ती तान आली की अजूनही मला पट्ट्यांवर नखांचा टकटक आवाज येतो.

इथे माझी एक जुनी कुरकुर सांगून टाकतो. ‘द पियानिस्ट’ हा चित्रपट तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. २००२ सालचा, रोमान पोलान्स्कीचा. पोलान्स्की स्वतः क्राकूफच्या घेट्टोतून, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीतून, लहानपणी वाचलेला, तेव्हा त्याच्या प्रामाणिकपणाविषयी बोलायचा मला अधिकार नाही. पण या प्रसंगात त्याने नॉक्टर्न काढून शोपँचीच जी मायनरमधली बॅलेड घातली. बॅलेड मोठी, वादळी, पडदा भरून टाकणारी. सिनेमाला वादळ लागत असेल. खऱ्या खोलीत वादळ नव्हतं. गारठलेल्या बोटांना झेपेल अशी, बहिणीला लिहून दिलेली एक लहान चीज होती. ती मोठी करायची काय गरज होती, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

असो. श्पिल्मानला आणि या नॉक्टर्नला रेडिओने बांधलेलं आहे, आणि आपण रेडिओवरच भेटतोय म्हणून तेही सांगतो. २३ सप्टेंबर १९३९ रोजी, बॉम्ब पडत असताना, त्याने वॉर्सा रेडिओवरून शोपँ वाजवला. त्या केंद्रावरून झालेलं ते शेवटचं थेट वादन. त्याच दिवशी वीजकेंद्रावर बॉम्ब पडला आणि रेडिओ मुका झाला. पुढे जर्मनांनी शोपँवर बंदी आणली, १९४० च्या मे महिन्यात त्याचा पुतळा सुरुंग लावून उडवला. साडेतीन लाखांहून अधिक ज्यूंच्या त्या शहरात घेट्टोच्या भिंती उभ्या राहिल्या. ऑगस्ट १९४२ मध्ये श्पिल्मानचे आईवडील, भाऊ आणि दोन्ही बहिणी ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे जाणाऱ्या गाडीत चढवले गेले. रांगेतून एका पोलिसाने कॉलर धरून त्याला एकट्याला मागे ओढलं. १९४५ साली पोलिश रेडिओ पुन्हा सुरू झाला तेव्हा तो येऊन बसला आणि त्याने हेच नॉक्टर्न वाजवलं.

मधल्या काळात तो बदलला का? हा प्रश्न मला वर्षानुवर्षं छळतो. तरुणपणी एका व्याख्यानात मी ठासून सांगितलं होतं की दुःखाने माणूस मोठा होतो. टाळ्याही मिळाल्या. आज ते वाक्य आठवलं की कानकोंडं होतं. साठ लाख ज्यू मारले गेले त्या दुःखाकडून आपण मोठेपणाची वसुली करायची? श्पिल्मान लपून राहिला तेव्हा हालचाल करायची सोय नव्हती, पियानोचा तर प्रश्नच नव्हता. तो दिवसभर पाठ असलेल्या चिजा पहिल्या मात्रेपासून शेवटच्या मात्रेपर्यंत मनात वाजवत असे. वेड लागू नये म्हणून. सुटल्यावर लगेच त्याने आठवणींचं पुस्तक लिहिलं, ते १९४६ मध्ये आलं. त्यात आरडाओरडा नाही, सूडाची भाषा नाही. हिशेबाच्या वहीसारखा कोरडा सूर आहे. ज्या पोलिश मित्रांनी जीव धोक्यात घालून त्याला लपवलं त्यांच्याविषयी आहे, आणि त्याच्या नावावर वर्गणी गोळा करून त्याला उपाशी ठेवणाऱ्या एकाविषयीही आहे, दोन्ही एकाच आवाजात. मग तो रेडिओत नोकरीला लागला, लोक गुणगुणतील अशी शेकड्यांनी गाणी केली. घरी मुलांशी युद्धाचा विषय काढत नसे. तो मोठा झाला की नाही मला माहीत नाही. त्याचं १९४८ चं एक ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, शोपँच्याच एका मझुर्काचं. ऐकून बघा. पहिल्या ऐकण्यात कोरडं वाटेल. तिसऱ्या ऐकण्यात लक्षात येतं की हा माणूस एकही स्वर गरजेपेक्षा जास्त वेळ धरत नाहीये.

आणि तो अधिकारी? व्हिल्म होझेनफेल्ड. जर्मनीतल्या एका खेड्यातला शाळामास्तर, धार्मिक कॅथलिक, पाच मुलांचा बाप. १९३५ साली नाझी पक्षाचा सभासद झालेला, आणि नुसता नावाला नव्हे, उत्साहाने. वॉर्सात तो क्रीडासंकुलाचा कारभार बघत असे. डोळ्यांसमोर जे चाललं होतं ते डायरीत लिहीत गेला, आणि लिहिता लिहिता त्याची लाज वाढत गेली. तो पोलिश भाषा शिकला. ट्रेब्लिंकाच्या गाडीतून उडी टाकून पळालेल्या एका ज्यूला त्याने खोट्या नावाने कामावर ठेवलं, आणखीही काही जणांना वाचवलं. म्हणजे त्या वेळी पियानो ऐकून त्याचं हृदयपरिवर्तन वगैरे झालं नाही. तो आधीच बदलत आलेला होता, वर्षानुवर्षं, कणाकणाने. पियानो ऐकल्यावर त्याने पहिला विचार केला तो श्पिल्मानची माळ्यावरची लपायची जागा नीट आहे का, हा. मास्तरच तो! मग पाव आणि जॅम आणून दिला, पांघरूण आणलं, स्वतःचा लष्करी ओव्हरकोट दिला. श्पिल्मान घड्याळ देऊ लागला, ते घेतलं नाही.

याच नॉक्टर्नला आणखी एक श्रोता लाभला होता. डिसेंबर १९४३. क्राकूफजवळच्या प्वाशुफच्या छावणीत नतालिया कार्प ही पियानोवादक बहिणीसह पकडून आणली गेली. छावणीचा प्रमुख आमोन ग्यॉट, लोकांना स्वतःच्या बंदुकीने टिपणारा. त्याच्या वाढदिवसाच्या मेजवानीत तिला वाजवायला सांगितलं. तिने हीच चीज वाजवली. तो म्हणाला, हिला जगू द्या. ती म्हणाली, बहिणीशिवाय नाही. त्याने तेही मान्य केलं. दोघी वाचल्या, पुढे आउशविट्झमध्ये गेल्या, तिथूनही वाचल्या, आणि नतालिया लंडनला राहून म्हातारपणापर्यंत पियानो वाजवत होती. ग्यॉटचं काय झालं? काही नाही. दुसऱ्या दिवशी छावणी तशीच चालू राहिली. १९४६ मध्ये त्याला फाशी दिलं तोवर त्याच्यात बदल झाल्याचं कुणी सांगितलेलं नाही. चीज मात्र त्याला आवडली होती.

म्हणून, श्रोतेहो, उच्च अभिरुचीने माणूस चांगला होतो असं कुणी सांगितलं की मी विषय बदलतो. सूर तेच, लेखणी तीच, लुडविका तीच. एकाच्या कानावर पडले आणि पडून राहिले, दुसऱ्याच्या कानात शिरले. शिरायला वाट लागते, आणि ती वाट होझेनफेल्डने आधीच डायरीत, रोज थोडी थोडी, खणून ठेवली होती. संगीताचं काम इतकंच असावं.

ऐकण्याची अशी वाट मी घरीही पाहिली. आमच्या गिरगावातल्या चाळीत बाबा सकाळची सभा सुरू व्हायच्या आधीच रेडिओ लावायचे. बातम्यांसाठी नव्हे, आकाशवाणीच्या त्या संकेतधुनीसाठी. मी अंथरुणातून विचारायचो, बाबा, अजून काहीच लागलेलं नाही, मग ऐकताय काय? ते ओठांवर बोट ठेवायचे. ती शिवरंजनीच्या अंगाची धून कुणी केली हे आम्हाला चाळीस वर्षं माहीत नव्हतं. केली वॉल्टर कॉफमानने. कार्ल्सबाडचा ज्यू संगीतकार, हिटलर सत्तेवर आल्यावर १९३४ साली प्राग सोडून मुंबईला आलेला, पुढे मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीत सांभाळणारा. तोही एका अर्थाने वाचलेलाच. आणि योगायोग बघा, शिवरंजनीतही गंधार कोमल. आपला दिवस रोज एका निर्वासिताच्या कोमल गंधारावर उजाडत होता आणि आपण चहा गाळत होतो. बाबा तेवढे ऐकत होते.

ऐकण्यावरून होझेनफेल्डची शेवटची गोष्ट. निरोप घेताना श्पिल्मानने त्याला सांगितलं होतं, कधी अडचण आली तर माझं नाव लक्षात ठेवा, श्पिल्मान, पोलिश रेडिओ. त्याचं नाव मात्र विचारलं नाही. उद्या पकडलो गेलो आणि मारहाणीत ते तोंडातून निघालं तर, म्हणून. काही आठवड्यांनी पारडं फिरलं. होझेनफेल्ड रशियनांच्या ताब्यात, काटेरी तारेच्या आत. तारेपलीकडून एक पोलिश व्हायोलिनवादक चालला होता. कैद्यांमधून एक जण पुढे आला आणि म्हणाला, पोलिश रेडिओच्या श्पिल्मानला ओळखता का? मी त्याला वाचवलं होतं, त्याला सांगा. मग त्याने आपलं नाव सांगितलं. पण पहारेकरी ओरडत होता, गलका होता, आणि ते नाव ऐकू आलं नाही. श्पिल्मानला निरोप पोचला, तो शोधत गेला, तोवर कैदी हलवले होते. नाव कळायला १९५० उजाडलं. श्पिल्मानने खटपट केली, पोलंडच्या सुरक्षा खात्याच्या सर्वोच्च माणसाला जाऊन भेटला. उपयोग झाला नाही. होझेनफेल्ड १९५२ मध्ये रशियन कैदेत मेला. ज्यूंना वाचवणाऱ्या बिगर-ज्यूंना इस्राएलची याद वाशेम ही संस्था जो सन्मान देते, तो त्याला २००८ साली मिळाला. तेव्हा श्पिल्मानला जाऊन आठ वर्षं झाली होती.

आता त्या चार तानांनंतर काय होतं ते. सगळी चीज कोमल गंधारावर चालली आहे. अगदी शेवटी, सर्वांत हळू आवाजात, तो गंधार शुद्ध होतो. कुणी याला आशा म्हणतं, कुणी विजय. मला दोन्ही शब्द जड वाटतात. मी त्याला काहीच म्हणत नाही. मात्र तो ऐकायला मिळणं किती कठीण आहे सांगू? काही वर्षांपूर्वी एका सभागृहात एका तरुण मुलाने ही चीज फार सुंदर वाजवली. चौथी तान संपली आणि पुढच्या रांगेतल्या गृहस्थांना वाटलं, झालं. कडकडून टाळी. तिच्यामागून सगळं सभागृह. गंधार टाळ्यांखाली गेला. मुलगा पट्टीवर बोट तसंच ठेवून बसला होता. टाळी वाजवणाऱ्यांत मी नव्हतो असं सांगायला मला आवडलं असतं.

तर आता ती चीज लावायला सांगतो. पंखा बंद करता आला तर करा, गॅसवर काही असेल तर उतरवून ठेवा. ती संपल्यावर थोडा वेळ काहीच बोलू नये अशी विनंती मी निवेदकांना करून ठेवली आहे. त्यामुळे नंतर शांत वाटलं तर रेडिओ बिघडला असं समजू नका.