शिळा तुकडा नको, पाणी राखा
(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी सूतगिरणीतला कामगार माणूस. शाळा फार झाली नाही. जे चार शब्द कळतात ते रात्रपाळी करून वाचलेल्या पुस्तकांचे उपकार. समितीने सांगितले, "आप्पा, या वर्षी पर्यावरणावर बोला." पर्यावरण हा शब्द फार मोठा आहे. मी आपल्या परसदारी येणाऱ्या रानबदकांपुरतेच बोलतो.

पाऊसपाणी बरे झाले की गिरणेच्या डोहात, शेततळ्यात आणि आपल्या वस्तीमागच्या डबक्यातसुद्धा बदके उतरतात. काही आपल्याच मुलखातली. हळदी-कुंकू बदक घ्या. चोचीचे टोक पिवळे आणि चोचीच्या बुडाशी दोन तांबडे ठिपके, म्हणून हे नाव. अडई आकाराने लहान, उडताना शीळ घातल्यासारखी ओरडते. काही मात्र पाहुणे. दिवाळीच्या सुमारास थापट्या येतो, त्याची चोच पुढे फावड्यासारखी पसरट. चक्रवाक येतो, तो लडाख-तिबेटकडचा. आपल्याच जिल्ह्यात तापी आणि पूर्णा जिथे मिळतात, त्या हतनूर धरणाच्या पाण्यावर हिवाळ्यात बदकांचे थवेच्या थवे दिसतात. उन्हाळा लागला की पाहुणे परत निघतात. हिमालय ओलांडून जाणारी पाखरे ही! त्यांना पासपोर्ट नाही, तिकीट नाही.

आता ही बदके दिसली की आपली पोरे विचारतात, "आप्पा, बदकेसले भाकर टाकू का?" या विचारण्यात करुणा आहे, तिला कोणी हसू नये. सिद्धार्थ आणि देवदत्त यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. बाण लागलेल्या पक्ष्यावर हक्क कोणाचा, मारणाऱ्याचा की वाचवणाऱ्याचा? निवाडा वाचवणाऱ्याच्या बाजूने झाला. पण वाचवणे म्हणजे नेमके काय, हे आपण समजून घेतले पाहिजे. नाहीतर दया करायला जाऊ आणि त्याच जिवाला अपाय करून बसू.

बदक खाते काय? पाण्यातले गवत, शेवाळ, धान्याचे आणि गवताचे बी, गोगलगायी, किडे, अळ्या. हे सगळे ते स्वतः शोधते. पाव, बिस्कीट, शेव, फरसाण याने त्याचे पोट भरते, पण अंगाला काही लागत नाही. वाढत्या पिल्लांना तर त्याने अपायच होतो. मुंबईत गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचवर लोक कुरव पक्ष्यांना वेफर आणि फरसाण उधळतात. पाखरे झेपावतात, फोटो छान येतो. पण मीठ आणि तेल त्या पाखराच्या पोटात जाते, त्याचे काय? इंग्लंडात तळ्यावर जाऊन बदकांना पाव टाकायची जुनी रीत आहे. आता तिथेही सांगतात, पाव टाकू नका, टाकायचेच तर थोडे मटार, मका टाका.

दुसरी गोष्ट, उरलेले अन्न पाण्यात सडते. पाणी हिरवे होते, वास मारते, डास वाढतात. तो त्रास आपल्याच लेकरांना. सडक्या, साचलेल्या पाण्यात पाखरांना लुळे करून मारणारे विष तयार होऊ शकते. राजस्थानातल्या सांभर सरोवरावर नोव्हेंबर २०१९ मध्ये अशाच विषाने अठरा हजारांहून अधिक पक्षी मेले.

तिसरी गोष्ट आपल्या खानदेशाची. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापूरला बर्ड फ्लू निघाला. भारतातली ती पहिली लागण. पुढच्याच महिन्यात आपल्या जळगाव जिल्ह्यातही तो आला. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. ज्या बाईचे मीठ-मिरची अंड्यांच्या पैशावर चालते, तिच्या घरी काय झाले असेल? हा रोग रानबदकांमार्फतही पसरू शकतो. म्हणून कोंबड्यांच्या दाण्यावर रानबदके गोळा करू नका. त्यांचे दाणापाणी वेगळे असलेले बरे.

मग करायचे काय? इथे मला महाड आठवते. मार्च १९२७. चवदार तळ्याचे पाणी गुरेढोरे पीत, पाखरे पीत. आपल्या बापजाद्यांना मात्र बंदी. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या लोकांना टाकलेले शिळे तुकडे घेऊ नका म्हणून बजावले आणि पाण्याच्या हक्कासाठी तळ्यावर नेले. माणसाची आणि पाखराची बरोबरी मी करत नाही. माणसाला मान-अपमान आहे. पण ज्यांना पाणी नाकारले गेले, त्यांना पाण्याची किंमत सांगावी लागत नाही. शिळा तुकडा देणारा उपकार दाखवतो आणि तळे स्वतःकडे ठेवतो, हे आपण भोगले आहे. बदकाला तुकडा टाकायचा आणि त्याचे डबके मात्र कचऱ्याने बुजवायचे, ही दया म्हणायची का?

गिरणेची वाळू अशीच उपसत राहिली तर डोह, काठचे गवत, लव्हाळी, सगळे जाईल. मग बदक उतरेल कुठे आणि अंडी घालेल कुठे?

म्हणून माझे सांगणे साधे आहे. डबक्यात प्लास्टिक आणि उष्टे-खरकटे टाकू नका. काठावरचे गवत सगळे जाळू नका. पोरांच्या हातातली गलोल काढून घ्या. नायलॉनच्या मांजाचा गुंता दिसला तर उचला. उन्हाळ्यात परसात मातीच्या पसरट भांड्यात पाणी ठेवा आणि रोज बदला. दाणे टाकायची हौसच असेल तर कधीमधी मूठभर ज्वारी किंवा मका, तेही कोंबड्यांपासून लांब. मेलेले पाखरू हाताने उचलू नका, गुरांच्या दवाखान्यात कळवा. आणि कोणी रानबदक मारत किंवा पकडत असेल तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, हे त्याला न भिता सांगा.

महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. पाच तारीख मारुती चितमपल्लींच्या जन्माची, बारा तारीख डॉ. सालिम अलींच्या जन्माची. माझी सूचना अशी, की त्या आठवड्यातल्या एका रविवारी विहारातल्या पोरांनी मागच्या डबक्याचा काठ साफ करावा. एका वहीत किती बदके आली, कोणती आली, ते लिहावे. दरवर्षी लिहावे. पाच वर्षांनी ती वही घेऊन नगरपालिकेत जाता येईल आणि म्हणता येईल, हे पाणी राखा, हा आमचा पुरावा. तोंडी बोलणे हवेत जाते, लिहिलेले कोणाला नाकारता येत नाही.

आयाबहिणींनी पोरांना त्या दिवशी घरून मोकळे सोडावे, एवढी विनंती करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

नमो बुद्धाय! जयभीम!