दुर्बिणीच्या आरशाची काच



वलगावात उभे राहून बोलायचे म्हणजे मनावर थोडे दडपण येते. २० डिसेंबर १९५६ रोजी श्रीगाडगेबाबांनी अमरावतीच्या वाटेवर असताना देह ठेवला तो येथेच, पेढी नदीच्या परिसरात. एका हाती खराटा आणि दुसऱ्या हाती मातीचे गाडगे घेऊन बाबा गावोगाव हिंडले. आमचा आजचा विषय दुर्बिणीचा आहे. त्याचा खराट्याशी आणि गाडग्याशी काय संबंध, असे आपल्याला वाटेल. पण तास संपेपर्यंत या दोन्ही वस्तूंची गाठ पडणार आहे, एवढे आताच सांगून ठेवतो.

दुसरी गोष्ट. आज आम्ही नुसते व्याख्यान द्यायला उभे नाही, हिशेब द्यायलाही उभे आहोत. गावात एक दुर्बीण करू म्हणून आम्ही पाचसात मंडळी आपल्या दारी आलो आणि आपण दहा-दहा रुपये आमच्या हातावर ठेवले. त्यानंतर बाजारात दोन वेळा बोलवा झाली की, काच फुटली. ते खरे आहे. काच दोनदा फुटली. ती का फुटली हे ऐकण्याचा आपला हक्क आहे.

प्रथम दुर्बिणीविषयी चार शब्द. दुर्बीण दोन प्रकारची असते. एकीत पुढे भिंग असते, तर दुसरीत तळाशी खोलगट आरसा असतो. घरी करायची ती आरशाची, कारण भिंगातून प्रकाश आरपार जायचा असल्याने काच आतबाहेर निर्मळ लागते आणि तिच्या दोन्ही बाजू घासाव्या लागतात. आरशाची एकच बाजू घासायची, आणि चकाकी चढवायची ती पृष्ठावर. प्रकाश काचेत शिरतच नाही. मग काच कशाला हवी, असे कोणी विचारील. काच हवी ती केवळ आकार धरून ठेवण्यासाठी. घडवंची जशी परात धरून ठेवते, तशी काच त्या पातळ चकाकीला धरून ठेवते.

हा आकार किती नाजूक असतो पाहा. आमचा आरसा सहा इंचांचा. त्याचा खोलगटपणा मध्यभागी जेमतेम १.२ मिलिमीटर. पण त्यात चूक चालते ती केवढी? डोक्याच्या केसाची जाडी घ्या आणि तिचे हजार भाग करा. त्यातल्या साधारण एका भागाएवढी. एवढा सूक्ष्म आकार ज्या चकतीवर कोरायचा, ती चकतीच आतून अस्वस्थ असेल तर कारागिराचे हात काय करणार?

पूर्वी हे आरसे काचेचे नसत, तांबे आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असत. विल्यम हर्शेल हा पेशाने संगीतकार. इंग्लंडात बाथ गावी राहत्या घरी तो आरसे ओतीत असे. १३ मार्च १७८१ रोजी घरीच केलेल्या दुर्बिणीतून त्याला युरेनस सापडला. त्याच वर्षी त्याने तीन फुटी आरसा ओतायला घेतला. साचा घोड्याच्या लिदीचा. ती लीद त्याची बहीण कॅरोलिन हिने कुटून चाळून दिलेली. साचा गळला. दुसऱ्या खेपेस वितळलेली धातू फरशीवर पसरली, फरशीचे दगड तडातड उडाले आणि मंडळी जीव घेऊन पळाली. पुढे १८५० नंतरच्या दशकात काचेवर चांदीचा पातळ थर चढवण्याची युक्ती साधली आणि पॅरिसच्या फूको या शास्त्रज्ञाने काचेचे आरसे प्रचारात आणले. तेव्हापासून दुर्बिणीचे भवितव्य काच ओतणाऱ्याच्या हाती गेले.

महाराष्ट्राला या दोन्ही गोष्टींची ओळख जुनी आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्राध्यापक कावसजी नायगमवाला यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वीस इंची आरशाची दुर्बीण उभारली होती. १९१२ साली ती वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाइकनालला गेली. काचेचे म्हणाल, तर अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर एकेक पैसा गोळा करून पैसा फंड उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगाव दाभाडे येथे काचेचा कारखाना निघाला. लोकमान्य टिळकांचे त्याला पाठबळ होते. १९१६ साली औंध संस्थानात, कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी कारखाना काढला. त्यांचा प्रभाकर कंदील आपल्यापैकी वडीलधाऱ्यांच्या घरी असेल. कंदिलाची काच वातीच्या आचेने तापते आणि बाहेरच्या वाऱ्याने निवते, तरी तडकत नाही, ही साधी गोष्ट नव्हे. आमच्या दहा-दहा रुपयांच्या वर्गणीला पैसा फंडाचे नाव द्यायची आमची योग्यता नाही. पण रीत तीच आहे.

आता काच का फुटते ते पाहू. काच तापली की प्रसरण पावते, निवली की आकसते. जाड चकती निवताना बाहेरचे अंग आधी निवते आणि घट्ट होते; आतले मागाहून निवते आणि आकसू पाहते. पण बाहेरचे आता हलायला तयार नसते. म्हणून आतले अंग ओढ देत राहते आणि बाहेरचे दाबले जाते. ही ओढाताण काचेत कायमची कोंडून पडते. वरून चकती गुळगुळीत, शांत, सुंदर दिसते. एकत्र कुटुंबात अबोला असावा, तसे आहे हे. पाहुण्याला काही कळत नाही, पण वाटणीचा विषय निघाला की घर दुभंगते. काचेच्या बाबतीत तो विषय म्हणजे घासकाम. वरचा थर निघू लागला की तोल बिघडतो.

यावर उपाय एकच, सावकाश निववणे. साधी खिडकीची काच साडेपाचशे अंश सेल्सिअसच्या आसपास अशा अवस्थेत असते की ती ओघळत नाही, पण आतली ओढ मात्र सैल होऊ शकते. तेथे तिला काही तास थांबवायचे आणि मग हळूहळू खाली आणायचे. आणखी एक नियम असा की, जाडी दुप्पट झाली तर वेळ दुप्पट नव्हे, चौपट लागतो.

अमेरिकेतल्या पॅलोमार पर्वतावरील दुर्बिणीची चकती दोनशे इंची, वजन सुमारे वीस टन. कॉर्निंग येथील कारखान्याने ती २५ मार्च १९३४ रोजी पहिल्यांदा ओतली, तेव्हा साच्यातले ठोकळे सुटून वितळलेल्या काचेवर तरंगू लागले. २ डिसेंबर १९३४ रोजी दुसरी ओतली. ती निववायला सुमारे दहा महिने लागले, दिवसाला एक अंशाहून थोडे कमी! त्यातच जुलै १९३५ मध्ये नदीला पूर आला आणि सुमारे तीन दिवस वीज बंद ठेवावी लागली. तरीही ती चकती वाचली.

आमची कथा याहून लहान. काच आणली ती खिडकीचीच, बारा मिलिमीटर जाडीची. तीन गोल चकत्या कापून एकावर एक ठेवायच्या आणि भट्टीत एकजीव करायच्या, असा बेत. पहिला प्रयोग आमच्या गावच्या कुंभारबुवांच्या आव्यात केला. बुवा म्हणाले, ‘‘करून पाहा भाऊ, पण आव्यात जाळ येका बाजूनं जास्त रायते.’’ तसेच झाले. चकत्या एका अंगाला ओघळल्या, दुसऱ्या अंगाला सुट्याच राहिल्या, राख चिकटली ती वेगळीच. संध्याकाळपर्यंत तिचे चार तुकडे झाले.

मग आम्ही अग्निविटांची विजेची भट्टी बांधली. आत तारेची वेटोळी, उष्णता मोजायला तापमापक. साच्याला चिनी मातीचा लेप दिला, म्हणजे काच चिकटत नाही. सुमारे आठशे अंशांवर तिन्ही चकत्या मधासारख्या एकमेकींत मिसळल्या. तेथून निववायला सुरुवात केली. दिवस वैशाखाचे. दुसऱ्या रात्री वळीव आला आणि वीज गेली, ती पहाटे आली. भट्टी उघडली तर चकती अखंड! आम्ही पेढे वाटले. आपल्यापैकी काहींनी ते खाल्लेही असतील. आठव्या दिवशी घासताना बंदुकीसारखा आवाज झाला आणि चकतीचे दोन भाग झाले. ती घासणारा मुलगा शाळकरी. तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही. त्याला वाटे, आपलाच हात जड पडला. ती चूक आमची होती. वीज गेल्याचे माहीत असून आम्ही चकती तपासली नाही.

तपासणी अवघड नाही. संगणकाचा पडदा पांढरा करावा. त्यातून येणारा प्रकाश एकाच दिशेने कंप पावणारा असतो. त्याच्यापुढे काच धरावी आणि ध्रुवणाच्या काळ्या चष्म्याची काच फिरवून पाहावे. पडदा काळोखा झाला की निवांत काच काळोखीच दिसते. ओढाताण असेल तेथे मात्र ती उजळते. फुटलेले तुकडे तसे धरून पाहिले, तर वाकडेतिकडे पांढरे डाग झगझगत होते. ते पाहिल्यावर त्या मुलाच्या चेहऱ्यावरचा भार उतरला.

आमच्यात दोन पक्ष झाले. एक म्हणे, तयार चकती मागवा. पुण्याला आयुका या संस्थेत दुर्बीण करण्याच्या कार्यशाळा झाल्या आहेत. तेथे लोक तयार चकती घेऊनच आरसा घासायला बसतात, त्यात कमीपणा नाही. हे म्हणणे खोटे नव्हते. पैशाचा हिशेब मांडला तर तयार चकतीच स्वस्त पडली असती, हे आम्ही आपल्यापुढे मोकळेपणाने कबूल करतो. दुसरा पक्ष म्हणे, आता कोठे आपल्याला काच कळू लागली आहे. येथे सोडले तर लोकांच्या पैशातून आपण फक्त तुकडे विकत घेतले, असे होईल.

निकाल लागला तो कुंभारबुवांच्या बोलण्याने. ते भट्टी पाहायला आले आणि भिंतीवर हात ठेवून म्हणाले, ‘‘भित लयच पातय हाय बाप्पा. आमी आवा राखेखाली झाकून ठेवतो. मातीले घाई चालत नाही, तं काचेले कशी चालन?’’ आम्ही तापमानाचे आकडे पाहत बसलो होतो. त्यांनी भिंत पाहिली. वीज जाणारच, हे धरून चालावे आणि भट्टी अशी बांधावी की वीज गेली तरी ऊब जाऊ नये! भिंत दुप्पट केली आणि वर राखेचा जाड थर दिला. पावसाळा जाऊ दिला आणि माघात तिसरी चकती लावली. साडेपाचशेपासून चारशे अंशांपर्यंत ताशी पाच अंश, म्हणजे तेवढ्यालाच तीस तास. पाळ्या लावून जागलो. वीज दोनदा अर्धा-अर्धा तास गेली, पण काटा थोडाच खाली आला. चौथ्या दिवशी हात लावण्याजोगी झाली. यावेळी पेढे नाहीत. आधी पडद्यापुढे धरली. काळोख! कडेला एक फिकट, सारखी झाक, एवढेच.

तिच्या पोटात बुडबुडे आहेत. तीन थर जुळताना हवा अडकली. पण हा दोष आकाराला बाधत नाही. माउंट विल्सनचा शंभर इंची आरसा फ्रान्समधून १९०८ साली आला, तेव्हा तीन ओतींच्या थरांमध्ये बुडबुडे पाहून तो प्रथम नाकारला होता. शेवटी तोच घासला, १९१७ साली दुर्बिणीत बसला आणि १९२३ साली हबलने त्याच दुर्बिणीने देवयानी तेजोमेघातला तो तारा टिपला, ज्याने ती दुसरी दीर्घिका असल्याचे सिद्ध झाले.

आता खराट्याचे. घासायला कार्बोरंडमची पूड लागते. आधी जाड, मग बारीक, मग त्याहून बारीक. शेवटी राळेवर झिलई. जाड पुडीचा एक कण बारीक पुडीत आला, तर आठवड्याचे काम ओरखड्याने वाया जाते. म्हणून दर पायरीला हात, बादली, फडकी, ओटा, जमीन सारे धुवायचे. त्या मुलाने भिंतीवर खराटा टांगला आहे आणि झाडल्याशिवाय कोणाला काचेला शिवू देत नाही. बाबांच्या गावी दुसरा नियम शोभलाही नसता.

आरसा आता झिलईवर आहे. त्यावर ॲल्युमिनियमचा थर निर्वात पेटीत बाहेरून चढवून आणावा लागेल. ते येथे होण्यासारखे नाही. पुढे चंद्रावरची विवरे पाहाल, तेव्हा आपल्याच वऱ्हाडातल्या लोणारची आठवण ठेवा. तेही आकाशातून आलेल्या आघाताचेच विवर आहे. पुष्य नक्षत्रात डोळ्यांना पुसट ढग दिसतो, तेथे ताऱ्यांचा मोहोळ दिसेल.

हिशेबाची वही दाराशी ठेवली आहे. तिच्याशेजारी टेबलावर दोन्ही फुटक्या चकत्या, एक संगणकाचा पडदा आणि ध्रुवणाची काच आहे. वही अवश्य पाहा, पण आधी ते तुकडे पडद्यापुढे धरा. आपला पैसा कोठे गेला, ते त्या पांढऱ्या डागांत दिसेल. ज्यांना पाळी लावून घासायला यायचे असेल, त्यांनी आपली नावे त्या मुलाकडे द्यावीत. येताना हात धुऊन यावे.