पुसलेली टेप आणि गळलेली ओळ



‘साठच्या दशकाच्या अखेरचा कल्ट सिनेमा आणि टीव्हीवरचे विक्षिप्त’ हा काय व्याख्यानमालेचा विषय झाला, अशी कुजबुज माझ्या कानावर आली आहे. बोलणाऱ्यांचंही चूक नाही. मुंबईत दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. त्यामुळे आज मी ज्या कार्यक्रमांबद्दल बोलणार आहे, ते तेव्हा आपल्याकडे कुणी घरी बसून पाहिलेले नाहीत. मला तर ते सोयीचं वाटतं. त्या कार्यक्रमांतल्या विक्षिप्तांना हसणाऱ्यांत आपण सामील नव्हतो.

जानेवारी १९६८. अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ‘रोवन अँड मार्टिन्स लाफ-इन’ सुरू झालं. त्यात एक उंच गृहस्थ आला. मोठं नाक, खांद्यावर रुळणारे कुरळे केस, चेहऱ्यावर पांढरी पावडर. बाजाराच्या पिशवीतून त्यानं युकुलेली काढली, म्हणजे गिटारचं चार तारांचं धाकटं भावंड, आणि चिरक्या बायकी आवाजात लहान मुलांची जुनी गाणी म्हणायला लागला. शेजारी सूत्रसंचालक डिक मार्टिन बावचळून उभा. सगळा विनोद त्या बावचळण्यावर उभारलेला होता. गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर मात्र विनोदाचा मागमूस नव्हता.

हा टायनी टिम. खरं नाव हर्बर्ट खाउरी, जन्म १९३२ चा, न्यूयॉर्कचा. त्याचं मूळ वेड ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची कितीतरी विस्मरणात गेलेली गाणी त्याला तोंडपाठ होती, गायकांच्या लकबींसकट. त्याचा नैसर्गिक आवाज चांगला भारदस्त होता. बारीक आवाज त्यानं कमावलेला. त्यामुळे द्वंद्वगीत असेल तर नायकही तोच आणि नायिकाही तोच. ‘टिपटो थ्रू द टुलिप्स’ हे १९२९ सालच्या एका चित्रपटातलं गाणं त्यानं पुन्हा गायलं आणि १९६८ मध्ये ते बिलबोर्डच्या यादीत सतराव्या क्रमांकापर्यंत चढलं. लोकांनी ते गंमत म्हणून विकत घेतलं असेल, पण गाणाऱ्याची ती गंमत नव्हती. माझ्या मते कल्टचं मूळ इथं आहे. मुद्दाम विचित्र वागणारे दोन वर्षांत शिळे होतात. ज्याला आपण विचित्र आहोत याचं सोयरसुतक नसतं, तो टिकतो.

त्याच वर्षीचा ‘यू आर व्हॉट यू ईट’ हा सिनेमा मिळाला तर जरूर पाहा. अख्खा पाहवत नाही, हेही सांगून ठेवतो. हिप्पी काळाची ती एक विस्कळीत चित्रफीत आहे. त्यात ‘आय गॉट यू बेब’ हे सनी आणि शेर या जोडीचं गाणं येतं. शेरच्या ओळी टायनी टिम गातो आणि सनीच्या ओळी एलिनॉर बरूशियन ही गायिका खालच्या, पुरुषी सुरात गाते. मागं वाजवणारी मंडळी म्हणजे पुढं ‘द बँड’ म्हणून गाजलेले वादक. ती साथ थट्टेची नाही. गाणं मन लावून वाजवलेलं आहे.

टीव्हीनं मात्र त्याला चघळून टाकलं. १७ डिसेंबर १९६९ ला जॉनी कार्सनच्या ‘टुनाइट शो’मध्ये त्याचं लग्न लावलं. सुमारे ४ कोटी लोकांनी ते पाहिलं असं सांगतात. काही वर्षांत तो विस्मरणात गेला. त्या काळातल्या कार्सनच्या बहुतेक टेप एनबीसीनं पुसून पुन्हा वापरल्या. टेप महाग होती आणि जुना कार्यक्रम पुन्हा कुणी पाहील, असं कुणाला वाटत नव्हतं. बीबीसीनंही तेच केलं. म्हणजे आज आपण ज्याला त्या दशकाचा विक्षिप्त टीव्ही म्हणतो, ते बरंचसं पुसायचं राहून गेलेलं आहे.

आता याच्या बरोबर उलट, एका चुकीमुळं पुसली न जाता पसरलेली गोष्ट. पिट्सबर्गच्या जॉर्ज रोमेरोनं मित्रांना घेऊन, सव्वा लाख डॉलरच्या आतबाहेर खर्चात, कृष्णधवल भयपट काढला. रक्त म्हणून चॉकलेटचं सिरप वापरलं. पडद्यावरचा टीव्ही वार्ताहर म्हणून खुद्द पिट्सबर्गच्या टीव्हीवरचा बिल कार्डिल घेतला. शनिवारी रात्री भुताचे सिनेमे सादर करणारा हाच माणूस आता कॅमेऱ्यासमोर शांतपणे मुडद्यांची बातमी देतो. गावातल्या प्रेक्षकांना ओळखीचा चेहरा पाहून हसू आलं असेल, पण फार वेळ नाही. नायक ड्वेन जोन्स कृष्णवर्णीय, आणि त्याबद्दल चित्रपटात कुणी चकार शब्द काढत नाही. १९६८ च्या अमेरिकेत हे धाडसच होतं.

सिनेमाचं आधीचं नाव ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’. वितरकानं ते बदलून ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ केलं. स्वामित्वहक्काची ओळ जुन्या नावाच्या पाटीवर होती. पाटी बदलली आणि ओळ गेली. तेव्हाच्या कायद्यानुसार ती ओळ नाही म्हणजे हक्क नाही. मग काय, कुठल्याही थिएटरनं मध्यरात्री लावावा, कुठल्याही टीव्ही केंद्रानं फुकट दाखवावा, पुढं कुणीही कॅसेट काढावी. सिनेमा घरोघरी पोचला तो असा. १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत त्याचा समावेश झाला.

करणाऱ्यांच्या हाती त्या मानानं फारच थोडं लागलं. १९९० मध्ये रोमेरोच्याच पटकथेवर तोच सिनेमा रंगीत, नव्यानं काढला गेला. त्यामागं हातचा गेलेला पैसा थोडातरी परत मिळवायचा हिशेबही होता. तो नवा सिनेमा वाईट नाही. त्याचे हक्क मात्र व्यवस्थित नोंदलेले आहेत, आणि मध्यरात्रीच्या खेळांना अजूनही जुनाच लागतो.