दार राखणं आणि दार उघडणं



आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आपण असीरगडाच्या परिसरात जमलो आहोत. उत्तरेतून खाली उतरणारी वाट सातपुड्याच्या या खिंडीतून जाते, म्हणून या गडाला दख्खनचा दरवाजा म्हणत आले. १६०१ साली हा गड हाती येण्याआधी अकबराच्या फौजेला कित्येक महिने वेढा घालून बसावं लागलं. १८१९ साली शिंद्यांचे किल्लेदार जसवंतराव लाड यांनी तोफांच्या भडिमारात ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्याला इथेच झुंजवलं. एप्रिलमध्ये गड पडला, पण तो लढून पडला.

दार राखणं हे थोर काम आहे. पण त्याच्याइतकंच थोर आणि त्याहून दुर्मीळ असं आणखी एक काम असतं : दुसऱ्यासाठी दार उघडणं. ही दोन्ही कामं एकाच आयुष्यात करणाऱ्या एका मराठी नौदल अधिकाऱ्याबद्दल मला आज बोलायचं आहे. त्यांचं नाव व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी.

१९७१ च्या युद्धात आवटी ‘आयएनएस कामोर्ता’ या युद्धनौकेचे कप्तान होते. विमानवाहू ‘विक्रांत’सोबतच्या आपल्या नौकांनी बंगालच्या उपसागरात नाकेबंदी केली. चितगाव, कॉक्स बाजारकडची सागरी वाट बंद झाली. पूर्व पाकिस्तानातल्या सैन्याला बाहेरून कुमक येईना आणि समुद्रातून निसटताही येईना. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, तिच्यामागे समुद्रावरच्या या पहाऱ्याचाही वाटा होता. त्या कामगिरीसाठी आवटींना वीरचक्र मिळालं. पुढे ते पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख झाले आणि १९८३ मध्ये निवृत्त झाले.

पुष्कळांची कारकीर्द इथे संपते. पदकं भिंतीवर लागतात, सत्कार होतात, आठवणी सांगितल्या जातात. आवटी मात्र सातारा जिल्ह्यात, फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहायला गेले. माळरानाचा मुलूख, समुद्र घाटापलीकडे. तिथे राहून त्यांनी एक ध्यास जपला : भारतीय माणसाने शिडाच्या होडीतून, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. जायचं दुसऱ्या कुणीतरी, होडी बांधायची दुसऱ्या कुणीतरी. आवटींनी आपला शब्द, आपली ओळख आणि आपली चिकाटी त्यामागे उभी केली.

नौदलाच्या कमांडर दिलीप दोंदे यांनी हे आव्हान घेतलं. ‘म्हादेई’ नावाची ५६ फुटी होडी गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात बांधली गेली. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि २०१० च्या मे महिन्यात प्रदक्षिणा पुरी करून परतले. एकट्याने असं करणारे ते पहिले भारतीय. त्या मोहिमेत किनाऱ्यावरून त्यांना साथ देणारे अभिलाष टॉमी २०१२-१३ मध्ये त्याच होडीतून, कुठेही न थांबता, पृथ्वीला वळसा घालून आले. मग २०१७ मध्ये लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली नौदलाच्या सहा महिला अधिकारी ‘तारिणी’तून निघाल्या आणि मे २०१८ मध्ये यशस्वी होऊन परतल्या. त्यांना शिकवणाऱ्यांत दोंदे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी, आवटी गेले.

हा क्रम नीट पाहा. एकाने दुसऱ्यासाठी वाट केली, दुसऱ्याने तिसऱ्यासाठी, आणि पुढे सहा जणी त्याच वाटेने गेल्या. आवटींनी स्वतः ही प्रदक्षिणा केली नाही, तरी यातल्या प्रत्येक प्रदक्षिणेत ते आहेत. वीरचक्राने त्यांचं शौर्य सिद्ध केलं. त्यांचं मोठेपण मला या पुढच्या कामात अधिक दिसतं.

मित्रहो, आजच्या पदवीने तुम्हीही कुठल्या ना कुठल्या दाराशी जाऊन उभे राहाल. कुणी बँकेच्या काउंटरमागे बसेल, कुणी वर्गात फळ्यापुढे, कुणी दवाखान्यात, कुणी तहसील कचेरीत. तिथे कधी दार घट्ट लावून घ्यावं लागेल : लाच घेऊन आलेल्यासमोर, खोटा कागद पुढे करणाऱ्यासमोर. तेव्हा जसवंतरावांसारखे ठाम राहा, हार दिसत असली तरी. पण सवयीने, आळसाने किंवा खुर्चीच्या तोऱ्यात कुणाचंही दार अडवू नका. आदिवासी पाड्यावरून फॉर्म घेऊन आलेली मुलगी चुकीच्या खिडकीशी उभी असेल, तर तिला बरोबर खिडकीपर्यंत नेऊन सोडा.

इथून समुद्र फार लांब आहे, असं वाटून घेऊ नका. जवळच्या बुऱ्हाणपूरला लागून वाहणारी तापी सुरतेजवळ त्यालाच मिळते, आणि पृथ्वीप्रदक्षिणेचा ध्यास तर विंचुर्णीच्या माळावर जपला गेला. गाव लहान आहे, मोठी ओळख नाही, ही कारणं आजपासून सांगू नका.

माझं मागणं एवढंच आहे. नोकरी लागली, धंदा जमला, नाव झालं की आपल्या मागून येणारा एक तरी माणूस हेरा आणि तो तुमच्या पुढे जाईल इतकी मदत त्याला करा. तो पुढे गेला की त्याच्यावरही हेच काम सोपवा.