जहाजी भाई
(माजी विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला फर्मावलं, "तू कॅरिबियन क्रूझला जाऊन आलीस ना, त्यावर दहा मिनिटं बोल." लेकीनं आणि जावयानं हौसेनं तिकीट काढून दिलं, म्हणून माझं जाणं झालं. पण जहाजावर काय काय खायला होतं, हे सांगत बसले तर दहा मिनिटं त्यातच जातील, आणि बाहेर जेवण तयार आहे. म्हणून मी फक्त एका दिवसाबद्दल बोलते. त्रिनिदादच्या.

आदल्या संध्याकाळी बार्बाडोस सोडलं आणि सकाळी बाल्कनीत आले, तर समोर पोर्ट ऑफ स्पेन. मागे हिरवे डोंगर. पाणी मात्र जाहिरातीतल्यासारखं निळं नव्हतं, चांगलं मातकट होतं. भूगोलाच्या बाई समोर बसल्यात म्हणून कारणही सांगते: दक्षिण अमेरिकेतल्या ओरिनोको नदीचं गढूळ पाणी या बाजूला येतं. बाई, बरोबर ना?

आपल्या वर्गातल्या मुलांना हे गाव भूगोलाच्या तासाआधीच पाठ होतं. १९७१ साली आपण सहावीत होतो. सरदेसाईंचं शतक, गावसकरांची पहिलीच कसोटी, आणि वाडेकरांच्या संघानं वेस्ट इंडीजला पहिल्यांदा हरवलं, ते याच गावातल्या क्वीन्स पार्क ओव्हलवर. आमची बस मैदानावरून गेली तेव्हा मी फोटो काढला. मुलांनो, तो तुमच्यासाठी.

किनाऱ्यावरची सहल म्हणजे काय, तर छातीला नंबराचं स्टिकर लावायचं, रांगेनं उतरायचं, बसमध्ये बसायचं आणि साडेचारच्या आत परत यायचं. जहाज कुणासाठी थांबत नाही. शाळेच्या सहलीत निदान सर तरी मोजणी करून थांबायचे!

आमची गाइड पन्नाशीची बाई होती. चेहरा असा, की एसटी स्टँडवर भेटली असती तर मी सरळ मराठीत "गाडी लागली का हो?" विचारलं असतं. तिला हिंदीचं एक वाक्य येत नव्हतं. ती इंग्रजीत बोलत होती आणि मध्येच शब्द आला, "माझी आजी." मी चमकले. तिला विचारलं, तर म्हणाली, वडिलांची आई ती आजी आणि आईची आई ती नानी. भोजपुरीतून आलेला शब्द. पाचव्या पिढीत भाषा गेली, पण आजी राहिली. माझ्या अमेरिकेतल्या नातवंडांचंही तसंच आहे. त्यांना मराठीतला नीट येणारा शब्द एकच, आजी. त्यामुळे ती बाई मला एकदम घरचीच वाटली.

तिचे पूर्वज उसाच्या मळ्यांवर मजुरीला आले होते. गुलामगिरी बंद झाल्यावर मळेवाल्यांना माणसं हवी होती. 'फतेह अल रझाक' हे पहिलं जहाज १८४५ च्या फेब्रुवारीत कलकत्त्याहून निघालं आणि ३० मे रोजी त्रिनिदादला लागलं. सव्वादोनशेच्या आसपास माणसं, तीन महिन्यांहून जास्त प्रवास. पुढे १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसं अशीच आली. बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश-बिहारमधली. पाच वर्षांचा करार होता, पण बरेचसे तिथेच राहिले. ३० मे ही आज तिथे सार्वजनिक सुट्टी आहे.

बस दक्षिणेला वॉटरलू गावी गेली. वाटेत घरांपुढे बांबूंवर लाल-पिवळ्या झंड्या दिसत होत्या. पूजा झाली की अंगणात झंडी उभी करायची, अशी तिथली रीत. वॉटरलूला समुद्रात एक देऊळ आहे. शिवदास साधू नावाच्या मजुरानं १९४७ साली किनाऱ्यावर देऊळ बांधलं, ते साखर कंपनीच्या जमिनीवर. कंपनीनं पाडायला सांगितलं, यानं नकार दिला. देऊळ पाडलं गेलं आणि याला चौदा दिवसांचा तुरुंगवास झाला. बाहेर आल्यावर त्यानं ठरवलं, समुद्र तर कुणाच्या मालकीचा नाही! मग सायकलवरून दगड-सिमेंट नेऊन वर्षानुवर्षं ओहोटीच्या वेळी एकट्यानं भराव घातला. १९९५ च्या सुमारास, भारतीयांच्या आगमनाला दीडशे वर्षं झाली तेव्हा, ते देऊळ नव्यानं बांधलं गेलं. आता तिथवर पायवाट आहे. मी चालत गेले. आत जाऊन नमस्कार केला, आणि मला देवाआधी त्या सायकलवाल्याची आठवण आली.

परतीच्या वाटेवर रस्त्याकडेला 'डबल्स' खाल्ले. हळद घातलेले दोन मऊ तळलेले वडे, मध्ये छोले, वर चिंचेची चटणी. गाडीवाला विचारतो, तिखट किती? मी मराठी मिजाशीत भरपूर म्हटलं. पुढचा अर्धा तास मी गप्प होते. या गोष्टीवर वर्गात कुणाचा विश्वास बसणार नाही, हे मला माहीत आहे.

त्या अर्ध्या तासात गाइडनं एक शब्द सांगितला, तोच आज तुमच्यासाठी आणला आहे. जहाजी भाई. एका जहाजातून आलेली माणसं. निघताना कुणाची जात वेगळी, कुणाचं गाव वेगळं, कुणी कुणाला ओळखत नव्हतं. तीन महिने एकत्र काढले आणि ती एकमेकांची नातलग झाली. सुखदुःखाला धावून जायची. तिच्या एका काकाचं लग्न ठरत होतं, ते आजीनं मोडलं, कारण मुलीचा पणजोबा यांच्या पणजोबांच्याच जहाजातून आलेला. "म्हणजे ती घरचीच मुलगी झाली, तिच्याशी लग्न कसं?"

मित्रमैत्रिणींनो, आपण पाचवी ते दहावी एका वर्गात होतो. तीन महिने नाही, सहा वर्षं. मागच्या पाच वर्षांत आपल्यातले सहा जण गेले. त्यातल्या दोघांची बातमी आपल्याला काही महिन्यांनी कळली. ग्रुपवर त्यांच्या नावानं वाढदिवसाच्या शुभेच्छा जात होत्या. आमचे हे गेल्यापासून मी एकटी राहते. आपल्यातले निदान दहा-बारा जण असेच राहतात, मुलं परदेशात किंवा पुण्या-बंगळुरूला. सकाळी दार उघडलं नाही, तर कुणाला कळणार?

म्हणून माझी एक मागणी आहे. ग्रुपवर फुलांची चित्रं खूप झाली. प्रत्येकानं एक जहाजी भाई किंवा बहीण घ्यायची आणि दर रविवारी तिला फोन करायचा. दोनदा उचलला नाही, तर जवळ राहणाऱ्यानं घरी जाऊन यायचं. एवढंच. मी यादी केली आहे, जोड्याही लावल्या आहेत. शाळेत ज्यांचं भांडण होतं त्यांना मुद्दाम एकत्र घातलं आहे.

यादी बाहेर चहाच्या टेबलावर आहे. आधी आपला फोन नंबर लिहा, मगच बटाटेवडा घ्या.